तारेचे पैसे आमचे, मग अर्ज ठेकेदाराचाच का?



२०२५ च्या दिवाळीच्या सुमारास कापूस घरात यायला लागला आणि वेचणीइतकेच मोठे दुसरे काम आपल्या मागे लागले. नोंदणीचे. सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा असेल तर 'कपास किसान' नावाच्या ॲपवर आधी नाव नोंदवा, सातबारा चढवा, आधार जोडा, पेऱ्याची नोंद दाखवा, मंजुरीची वाट पाहा आणि मग काट्याची तारीख घ्या. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ८,११० रुपये. त्या भावापर्यंत जाणारी वाट मोबाईलमधून जात होती.

त्या दिवसांत आम्ही गावोगाव फिरत होतो. एका गावात संध्याकाळी पाच-सहा जण पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसलेले दिसले. आम्हाला वाटले, पाण्याची काही भानगड असेल. तसे नव्हते. त्या गावात रेंज फक्त टाकीवर मिळते. सातबाऱ्याचा फोटो अर्धा चढे आणि चाक फिरत राही. एक म्हातारे बाबा कंटाळून खाली उतरले. आम्ही विचारले, "बाबा, आता काय करता?" ते म्हणाले, "काय करू भाऊ, सकाळी खेड्याचा व्यापारी येते. त्याले ॲप लागत नाही."

या एका वाक्यात सगळा हिशेब आहे. व्यापाऱ्याने क्विंटलमागे हजार रुपये कमी दिले असे धरा. वीस क्विंटल कापूस असेल तर वीस हजार गेले. बोंडअळीने खाल्ले असते तर पंचनाम्याची मागणी तरी केली असती. नेटने खाल्लेल्या कापसाचा पंचनामा कोण करणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच गावच्या ग्रामपंचायतीत गेलो. कपाटाशेजारी, जुन्या मतदार याद्यांच्या गठ्ठ्यावर, भिंतीला एक पेटी ठोकलेली होती. तिच्यावर धूळ आणि आत एकही दिवा लागलेला नाही. ही भारतनेटची पेटी. आम्ही विचारले, "ही कधीपासून बंद आहे?" उत्तर मिळाले, "साहेब, बंद नाही. रेकॉर्डला चालू आहे."

रेकॉर्डला चालू आणि गावात बंद. या दोन शब्दांमधल्या अंतरात किती पैसा मुरला, आणि तो कोणाचा होता, ते आज मांडायचे आहे.

पैसा कोणाचा?

पुष्कळ कार्यकर्ते आम्हाला विचारतात, "आपण अनुदानाच्या मागे लागणारी माणसे नव्हेत. घामाचे दाम मागणारे आपण, मग नेटच्या अनुदानासाठी अर्ज कशाला करायचे?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी हे अनुदान येते कोठून ते पाहू.

१ एप्रिल २००२ पासून दूरसंचार कंपन्यांकडून सरकार एक आकार वसूल करते. कंपनीच्या हिशेबी मिळकतीच्या शंभर रुपयांतले पाच रुपये त्यात जातात. खेड्यापाड्यात, जिथे कंपनीला धंदा परवडत नाही, तिथे सेवा पोचवण्यासाठी हा पैसा आहे. त्याचे नाव होते सार्वत्रिक सेवा दायित्व निधी. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे बारसे पुन्हा केले. आता तो डिजिटल भारत निधी.

कंपनी हे पाच रुपये पदरचे देते काय? जिनिंगवाला आपल्यावरचा सेस कोणाच्या कापसातून काढतो, ते आपल्याला पाठ आहे. इथेही तेच. गावात ३०० फोन धरा. प्रत्येकामागे कंपनीची मिळकत महिन्याला २०० रुपये धरा. म्हणजे फोनमागे दहा रुपये, गावाचे महिन्याला ३,००० आणि वर्षाला ३६,००० रुपये. रेंज टाकीवर मिळो की झाडावर, हा पैसा दर महिन्याच्या रिचार्जमधून जातोच.

तेव्हा याला अनुदान म्हणू नका. ही आपलीच ठेव आहे. आपल्या ठेवीच्या पावतीवर सही करायला बँकेत जाणाऱ्याला कोणी भिकारी म्हणत नाही. हा पैसा आधी देशाच्या संचित निधीत जमा होतो आणि संसदेच्या मंजुरीने बाहेर पडतो. बाहेर पडतो तेव्हा त्याच्यापुढे रांगेत कोण उभे असते, हा खरा प्रश्न आहे.

पेरलेले मोजतात, उगवलेले नाही

२५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. सुमारे २०,००० कोटी रुपये, अडीच लाख ग्रामपंचायती आणि दोन वर्षांची मुदत. प्रत्येक पंचायतीला १०० एमबीपीएस वेग मिळेल असे सांगितले गेले. दोन वर्षे गेली, चार गेली. सरकार बदलले. २०१५ पासून योजनेचे नाव भारतनेट झाले. पहिल्या एक लाख पंचायतींचा टप्पा पुरा व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. दुसरा टप्पा जुलै २०१७ मध्ये मंजूर झाला, एकूण खर्च ४२,०६८ कोटींवर गेला आणि मार्च २०१९ चा वायदा झाला. महाराष्ट्राने आपल्या वाट्याचे काम 'महानेट' नावाने राज्यामार्फत घेतले. तो वायदाही टळला. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेट आले. त्याचा आकडा १,३९,५७९ कोटी रुपये.

या सगळ्या काळात सरकारी कागदावर एक शब्द फिरत राहिला : 'सर्व्हिस रेडी'. २ लाख १४ हजारांवर ग्रामपंचायती सर्व्हिस रेडी झाल्या असे सांगितले जाते. सर्व्हिस रेडी म्हणजे तार पोचली, पेटी लागली. पेटीचा दिवा आज पेटतो का, शाळेत नेट येते का, रेशन दुकानाचे पॉस मशीन त्यावर चालते का, हे त्या शब्दात येत नाही.

आम्ही शेतकी शिकलो तेव्हा पहिल्या वर्षी उगवण तपासायला शिकवली होती. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, मुदतीने उघडायचे आणि कोंब मोजायचे. संकरित ज्वारीच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७५ टक्के हवी, नाहीतर पिशवी विकता येत नाही. कोणी म्हणाला, "शंभर दाणे गोणपाटात ठेवले, म्हणजे शंभर टक्के उगवण झाली," तर त्याला आम्ही नापास केले असते. भारतनेटचा हिशेब नेमका असाच चालतो. किती किलोमीटर तार पुरली ते मोजतात, किती पेट्या ठोकल्या ते मोजतात. कोंब कोणी मोजत नाही.

यात एक तांत्रिक खोडही होती आणि ती सगळ्यांनी समजून घ्यावी. पहिल्या आखणीत तालुक्यापासून पंचायतींकडे तार बहुतेक एकाच ओळीने नेली. एकच पाट आणि त्यावर दहा शेते अशी ही रचना. मध्येच पाट फुटला की टेलची सगळी शेते कोरडी. रस्ता रुंद करणाऱ्याच्या जेसीबीचा एक दात लागला की पुढची सारी गावे अंधारात. सुधारित योजनेत तार गोलाकार फिरवून दोन्ही बाजूंनी जोडायची आहे, म्हणजे एक बाजू तुटली तर दुसरीकडून चालेल. दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारीही ठेकेदारावर टाकली आहे. या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. पण बारा वर्षे एक ओळ टाकून पाहिल्यावर हे सुचले, आणि त्या बारा वर्षांचे बिल आपल्याच रिचार्जने भरले.

अर्ज कोण करू शकतो?

आता रांगेकडे या. हे काम निघते ते टेंडरने, आणि टेंडर निघते एकेका राज्याएवढे. जून २०२१ मध्ये केंद्राने १६ राज्यांसाठी खाजगी भागीदारीची योजना मंजूर केली. आपला महाराष्ट्र त्यात नव्हता. त्यात सरकार तूट भरून देणार होते १९,०४१ कोटी रुपये. त्याची पॅकेजे केली अवघी नऊ. म्हणजे नऊ बड्या घरांनी यावे आणि अर्ध्या देशाची खेडी वाटून घ्यावीत. झाले काय? एकही बडे घर आले नाही. बोलीच लागली नाही आणि २०२२ मध्ये टेंडर गुंडाळले. मोठ्यांना परवडेना आणि लहानांना दार उघडेना.

डिजिटल भारत निधीचे नियम ऑगस्ट २०२४ मध्ये आले. काम करणारा निवडायचे त्यांत दोन मार्ग आहेत. एक बोलीचा आणि दुसरा पात्र लोकांकडून अर्ज मागवण्याचा. दुसरा मार्ग आहे हे लक्षात ठेवा. तालुक्यातली शेतकरी उत्पादक कंपनी, गावची सहकारी सोसायटी, बचत गटांचा संघ, आयटीआय शिकलेल्या चार पोरांची संस्था यांनी दहा-वीस गावांपुरता अर्ज का करू नये? पेटीपासून घरापर्यंतची तार ओढणे, खांबावरची तुटलेली जोडणे आणि महिन्याचे पैसे गोळा करणे, हे काम केबल टीव्हीवाली पोरे तीस वर्षे करत आली आहेत. पण अनुभव कोट्यवधींच्या उलाढालीचा मागाल, अनामत लाखांची मागाल आणि अर्ज इंग्रजीत, तोही ऑनलाइन भरायला सांगाल, तर नेट नसलेल्या गावाने नेटसाठी अर्ज करायचा कसा? आधी पोहून दाखव, मग पाण्यात उतरू देतो, अशी ही तऱ्हा.

कापसाच्या दुसऱ्या देशात काय झाले

हे दुखणे एकट्या आपल्या देशाचे आहे असे समजू नका. आपल्यासारखीच कापूस आणि ज्वारी पिकवणारी राज्ये अमेरिकेत आहेत. टेक्सासमध्ये कापूस, कॅन्ससमध्ये ज्वारी. १९३५ च्या आसपास तिथल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. कंपन्या म्हणत, एवढ्या लांब तार ओढणे परवडत नाही. १९३६ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाला आणि सरकारने स्वस्त कर्ज देऊ केले. ते घ्यायला पुढे आले शेतकऱ्यांच्याच सहकारी संस्था. शेतकऱ्यांनी सभासद व्हायचे, वर्गणी भरायची, खांब उभे करायचे. वीस वर्षांत बहुतेक शेतघरांत दिवा लागला. त्यांतल्या कित्येक संस्था आज त्याच खांबांवरून इंटरनेटची तार नेत आहेत.

त्याच अमेरिकेतला उलटा धडाही ऐका. २०२० मध्ये तिथल्या सरकारने खेड्यांच्या नेटसाठी लिलाव केला. एका लहानशा कंपनीने १५ राज्यांतले काम बोलीत जिंकले, सुमारे १३० कोटी डॉलरच्या अनुदानाचे. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारनेच सांगितले की या कंपनीला हे काम झेपणार नाही, आणि तिचा अर्ज फेटाळला. मधली दीड वर्षे ती गावे कागदावर 'दिली गेलेली' होती, म्हणून दुसऱ्या अनुदानाला ती अडून राहिली. ओळखीचे वाटते ना? रेकॉर्डला चालू!

पुढे २०२१ च्या कायद्याने तिथे ४,२४५ कोटी डॉलरचा नवा निधी आला. अट घातली : अर्जदाराने अनुदानाच्या चौथाई रकमेचे बँकेचे पतपत्र आणावे आणि साधारण चौथाई खर्च स्वतः घालावा. लहान संस्थांनी ओरड केली की एवढा पैसा बँकेत अडकवला तर तार कशाने ओढायची? २०२३ मध्ये सरकारला पतपत्राची अट सैल करावी लागली. अर्जातल्या अटी देवाने लिहिलेल्या नसतात. भांडले की बदलतात.

आपलेही चुकले

दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्याकडे वळलेली तीन बोटेही पाहू. कापसाच्या भावासाठी आपण रस्त्यावर बसलो, विजेसाठी सबस्टेशनला कुलूप लावले. पण पंचायतीतली पेटी बंद आहे म्हणून एका तरी ग्रामसभेत आपण उभे राहिलो काय? पेटीची बॅटरी पळवून घरचा दिवा लावणारा माणूस मुंबईहून आलेला नव्हता. पाइपलाइनसाठी चर खणताना तार तुटली तर "सरकारची आहे, बघतील" म्हणून माती लोटणारे हात आपलेच होते. जी तार आपल्या पैशाची आहे असे वाटत नाही, तिची राखण कोणी करत नाही. ती आपली आहे हे कळावे म्हणून तर हा सारा हिशेब मांडला.

आणि कोणी असेही म्हणेल की मोबाईलचे टॉवर आहेतच, तारेचे खूळ कशाला? टॉवरलाही मागून तार लागते. ती नसेल आणि शेवटच्या तारखेला पंचक्रोशीतले सगळे शेतकरी एकाच टॉवरवर सातबारा चढवायला बसले, तर चाक फिरतच राहणार. ई-पीक पाहणी २०२१ पासून फोनवर आली. राज्याच्या कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक एप्रिल २०२५ पासून सक्तीचा झाला. पीक विम्यात पूर्वी ७२ तासांत नुकसान कळवायचे होते, तेव्हा गारपिटीत वीज आणि रेंज दोन्ही गेल्यावर ते ७२ तास कसे सरले ते आठवा. सरकारचे एकेक दार नेटच्या पलीकडे सरकते आहे आणि अलीकडच्या काठावर आपण उभे आहोत.

काय करायचे

पहिले काम पंचनाम्याचे. या अंकाचे वाचन झाले की आपापल्या पंचायतीत जा. पेटी कोठे आहे, दिवे लागतात का, वीज जोडली आहे का, बॅटरी आहे का, आणि शाळा, आरोग्य उपकेंद्र, रेशन दुकान यांना जोडणी दिली आहे का, हे तारखेसह लिहा. पाच जणांच्या सह्या घ्या.

दुसरे काम माहितीच्या अधिकाराचे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. आमच्या पंचायतीची तार कधी पूर्ण दाखवली, ठेकेदार कोण, देखभालीचे पैसे कोणाला दिले, वर्षात किती दिवस सेवा बंद होती, एवढेच विचारा. जास्त प्रश्न विचारले की उत्तर लांबवायला निमित्त मिळते.

तिसरे काम मागणीचे. सुधारित भारतनेटमध्ये पंचायत नसलेली सुमारे ३ लाख ८० हजार गावे 'मागणीनुसार' जोडायची आहेत. मागणी केली नाही तर गाव सुटले. गट ग्रामपंचायतीतल्या वाड्या, तांडे आणि पोड यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण पेटी मुख्य गावात लागते आणि वाडी पाहत राहते. पुढच्या ग्रामसभेत ठराव करा. त्यात किती घरे, किती विद्यार्थी, कोणत्या संस्था आणि किती घरे महिन्याला पैसे भरून जोडणी घेतील, हे नावानिशी लिहा. ठराव बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयाला पाठवा, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न पेरलेले बी.

आणि संघटना म्हणून आमच्या मागण्या या :

१. गावाची तार चालू आहे असा दाखला ग्रामसभेने दिल्याशिवाय ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देऊ नये. किलोमीटरला पैसे नकोत, पेटलेल्या दिव्याला द्या.

२. दहा-वीस गावांच्या कामासाठी सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि बचत गट संघ यांना अर्जाचे दार उघडावे. अर्ज मराठीत आणि कागदावर घ्यावा. जबर अनामत नको.

३. 'सर्व्हिस रेडी' असूनही बंद असलेले गाव जोडलेले समजू नये. त्याला पुन्हा मागणीचा हक्क हवा.

४. पंचायतीच्या दारावर फलक लावावा : देखभाल कोणाची, फोन नंबर काय, या महिन्यात सेवा किती दिवस बंद.

५. आणि सगळ्यांत महत्त्वाचे. ज्या गावात नेट चालत नाही, त्या गावच्या शेतकऱ्याची नोंदणी बाजार समितीत आणि तहसीलमध्ये कागदावर घेतलीच पाहिजे. तार नाही तर सक्ती नाही.

या योजनेच्या नावात 'भारत' आहे. पैसा भारताच्या खेड्याने भरला, तार भारताच्या मातीत पुरली आणि बिल मात्र दुसऱ्याच गावी वटले. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना भाषण आणू नका. प्रत्येक गावाने आपल्या पेटीचा पंचनामा आणि अर्जाची पोच, असे दोन कागद आणावेत. शंभर गावांचे दोनशे कागद टेबलावर ठेवले की साहेबाला 'रेकॉर्डला चालू आहे' म्हणता येणार नाही. कारण तेव्हा रेकॉर्ड आपल्या हातात असेल.

टाकीवर चढून बसलेले ते बाबा पुढच्या हंगामातही कापूस वेचणार आहेत. त्यांना पुन्हा जिना चढायला लावायचा का, ते आता आपल्यावर आहे.